सत्र नको, सहल हवी

आमच्या गटातल्या नऊ जणींनी येत्या फेब्रुवारीच्या अखेरीस पाच दिवस, चार रात्री जंगलात जायचं ठरवलं आहे. पेंच, नागझिरा, नवेगावबांध आणि ताडोबा. नागपूरच्या माणसाला यात नवल वाटू नये. हे शहर स्वतःला वाघांची राजधानी म्हणवून घेतं. विमानतळापासून चौकापर्यंत वाघाची चित्रं आहेत. शनिवारी दुपारी चार पुरुष दुकानाचं शटर ओढतात, कुणाच्या तरी गाडीत बसतात, सिल्लारीला किंवा मोहर्लीला मुक्काम करतात आणि रविवारी रात्री घरी येऊन वाढलेल्या ताटावर बसतात. त्याला कुणी 'ठरवलं' असंसुद्धा म्हणत नाही. 'गेले होते' एवढंच.

आमच्या जाण्यावर मात्र दोन महिन्यांत तीन बैठका झाल्या. तिथे जे ऐकायला मिळालं त्याला हे उत्तर. घरच्यांना नव्हे, त्यांच्याशी ज्या त्या घरात भांडण सुरू आहे आणि ते आम्हाला जुनंच आहे. हे उत्तर आपल्याच माणसांना आहे. संघटनेतल्या, संस्थेतल्या, मोर्च्यात आपल्या शेजारी चालणाऱ्या.

पहिली सूचना अगदी आपुलकीने आली. 'जा ना, जरूर जा. पण दोन सत्रं ठेवा.' सकाळी आरोग्य, दुपारी कायदा. म्हणजे त्याला शिबिर म्हणता येईल, संस्थेच्या वार्षिक अहवालात बसवता येईल, जमलं तर प्रवासखर्चही निघेल. मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई आहे, बारा वर्षं वस्त्यांमध्ये काम करते. प्रस्ताव कसा लिहायचा, उद्दिष्टं कशी मांडायची, 'अपेक्षित फलनिष्पत्ती'च्या रकान्यात काय भरायचं हे मला झोपेत सांगता येतं. 'निसर्गाच्या सान्निध्यात महिलांच्या नेतृत्वक्षमतेचा विकास' अशा मथळ्याचा प्रस्ताव मी अर्ध्या तासात लिहीन, आणि तो मंजूरही होईल. पण मी तो लिहिणार नाही.

का, ते सांगते. आमच्या गटात धर्मपेठेतल्या चार घरी धुणीभांडी करणारी एक बाई आहे. जायचं ठरलं त्या दिवशी ती बोटं मोजत बसली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. तेवढ्यात घराबाहेर रात्री काढल्या त्या कशासाठी? भावजयीच्या आणि नणंदेच्या बाळंतपणाला. दोन मयतींना. एकदा पोराला मेडिकलमध्ये भरती केलं तेव्हा वऱ्हांड्यात. आणि आपल्या शिबिरांना. म्हणजे दुसऱ्याच्या जन्मासाठी, दुसऱ्याच्या मरणासाठी, आजाऱ्यासाठी आणि चळवळीसाठी. स्वतःला जावंसं वाटलं म्हणून एकही नाही. ती म्हणाली, 'ताई, शिबिरात तुम्ही मले हक्क शिकवले. आता शिबिर नसताना जाऊन पाहू द्या.'

यावर काय सत्र घेणार?

शिबिराचं नाव दिलं की घरून परवानगी सोपी मिळते, हे खरं. ती सोय आपण पंधरा-वीस वर्षं वापरली आणि त्यात काही गैर नव्हतं. पण त्या सोयीची किंमत काय पडते ते बघा. बाईचं घराबाहेर असणं कुणाच्या तरी उपयोगाचं असेल तरच मान्य, हा जुना नियम आपण मोडला नाही. उपयोगाच्या यादीत एक नवी ओळ वाढवली. सासूने बाळंतपण मान्य केलं, भटजीने यात्रा मान्य केली, आम्ही शिबिर मान्य केलं. बाई घरी गेल्यावर सांगते, 'मिटिंग होती.' पुढच्या वेळी जायचं तर पुन्हा मिटिंग असायला हवी. मिटिंग नसेल तर ती कुठेच नाही.

देवाचं नाव घेतलं की तर सगळे रस्ते मोकळे होतात. महाशिवरात्रीला विदर्भातल्या बायका पचमढीच्या महादेवाला जातात. चौरागडाचा डोंगर चढतात, वाटेत उघड्यावर झोपतात, तीन दगडांची चूल मांडून भाकरी टाकतात. तोच सातपुडा, तेच जंगल, तीच जनावरं. कुणी विचारत नाही की सोबत कोण आहे, रात्री लघवीला कुठे जाल, साप निघाला तर काय. पंढरीच्या वारीत बाई तीन आठवडे चालते, तेव्हा तिच्या सुरक्षिततेची काळजी विठ्ठल वाहतो. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गावोगावच्या हजारो आयाबाया गाठोडं उशाला घेऊन मोकळ्या आभाळाखाली रात्र काढतात. (दीक्षाभूमीला मी देवाच्या रांगेत बसवत नाही. १९५६ चा तो दिवस माणूस होण्याचा दिवस आहे.) मुद्दा एवढाच की उघड्यावर झोपणं, चार दिवस घर सोडणं, अनोळखी वाटेने जाणं ही आपल्या बायकांना नवी गोष्ट नाही. त्यांना ते उत्तम जमतं. जमत नाही ते समाजाला, आणि तेही कारण 'मला जायचं आहे' असं असेल तेव्हाच.

दुसरा शब्द आला, 'चैन'. हा जरा मोठ्या माणसाकडून आला, ज्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले. म्हणाले, बायकांच्या रेशनचा प्रश्न आहे, दारूचा आहे, मारहाणीचा आहे, आणि तुम्ही मध्यमवर्गीय बायकांसारख्या वाघ बघायला निघालात? मला त्यांना आठवण करून द्यायची आहे की नऊ जणींत मध्यमवर्गीय म्हणाव्यात अशा आम्ही तिघी. बाकी सहांमध्ये दोन घरकामगार, एक अंगणवाडी मदतनीस, एक शिवणकाम करणारी, एक बर्डीवर फुलं विकणारी आणि एक सध्या घरीच असलेली, म्हणजे सगळ्यांत जास्त काम करणारी. चैन म्हणजे काय असतं ते सहाव्या बाईला विचारा.

आकडे हवेत तर सरकारचेच घ्या. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत असं निघालं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि असं काम करणाऱ्या पुरुषाची ९७. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा २८९ आणि ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली. पुरुषाची नऊ. म्हणजे आपली दहा मिनिटं त्याने उचलली असंही नाही, त्याने स्वतःचंही कमी केलं! यात मुलांचं, म्हाताऱ्यांचं करणं धरलेलं नाही. ते वेगळं मोजतात. आता या बाईने चार रात्री मागितल्या, तर ती चैन होते. आठ तासांच्या कामासाठी लढताना कामगारांनी विश्रांतीचे आणि स्वतःचे तासही मागितले होते, हे त्या ज्येष्ठ मित्रांनीच आम्हाला मे दिनाच्या अभ्यासवर्गात शिकवलं. कामगाराची विश्रांती हा हक्क आणि बाईची विश्रांती ही चैन, हा फरक त्या वर्गात सांगितला नव्हता.

आणि पैशाचं म्हणाल तर हिशेब उघडा आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. आमच्यातल्या चौघींनी लाडक्या बहिणीचे दीड-दीड हजार तीन महिने बाजूला ठेवले. त्यावरूनही ऐकून घ्यावं लागलं: 'सरकार यासाठी देते का पैसे?' योजनेबद्दल माझं मत फारसं बरं नाही. निवडणुकीच्या तोंडावर भाऊ आठवणाऱ्यांबद्दल मी इथे आधी लिहिलं आहे. पण एकदा बाईच्या खात्यात पैसे पडले की ते तिचे. त्याच पैशातून नवऱ्याच्या गाडीचा हप्ता गेला तेव्हा कुणी विचारलं नाही की सरकार यासाठी देते का.

आता तिसरी गोष्ट, सुरक्षितता. बैठकीत ती सगळ्यांत जास्त वेळ चालली, म्हणून मीही इथे थोडा वेळ घेते.

आमचा मार्ग असा आहे. पहिली रात्र पेंचच्या सिल्लारी फाटकाजवळ. तिथून नागझिऱ्याच्या बाजूला पिटेझरीजवळ दुसरी रात्र. तिसरी नवेगावबांधच्या तळ्याकाठी. मग अर्जुनीहून रेल्वेने नागभीडपर्यंत आणि चिमूरवरून ताडोब्याच्या कोलारा फाटकाशी चौथी. परत येताना उमरेडवरून. गाभा क्षेत्रात तंबू ठोकता येत नाही, पायी फिरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ते घर आपलं नाही. मुक्काम सगळे फाटकाबाहेर, खात्याच्या नाहीतर गावातल्या निवासात किंवा परवानगीच्या तंबूत.

अर्जुनीहून निघालेली गाडी वडशाला थांबते. वडसा म्हणजे देसाईगंज. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यात होतं. या मासिकाच्या वाचकांना पुढचं सांगायला नको, पण नव्या मुलींसाठी सांगते. त्या वर्षी २६ मार्चच्या रात्री मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर तिथल्या पोलीस ठाण्यात बलात्कार झाला. ती ठाण्यात का होती? तिला पळवून नेल्याची तक्रार तिच्या भावानेच दिली होती म्हणून. म्हणजे तिच्या सुरक्षिततेसाठी! घरची माणसं ठाण्याबाहेर उभी होती. आतले दिवे मालवले गेले. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं, पुढे सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. आपल्यातल्या कितीतरी संघटना त्या लाटेत जन्मल्या. ज्या पट्ट्यातून आम्ही जाणार तो असा आहे. त्या मुलीच्या भोवती चारी दिशांना जंगल होतं आणि जंगलात तिला काही झालं नाही. झालं ते भावाने तक्रार दिल्यावर, सरकारी छपराखाली, रक्षणकर्त्यांच्या हातून.

म्हणून 'बायकांनी जंगलात एकटं जाऊ नये' असं कुणी म्हटलं की मी विचारते, नऊ जणी एकट्या कशा? पुरुष नसलेल्या बायकांना मोजायला मराठीत आकडाच नाही काय?

जंगलात धोका नाही असं मी म्हणत नाही. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्याच्या कोलारा भागात वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेच्या पाहणीसाठी पायी फिरत असताना वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. कामावर, सरकारी गणवेशात. त्याच वर्षी २५ मार्चला मेळघाटात हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आयुष्य संपवलं आणि मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठ अधिकाऱ्याकडून होणाऱ्या छळाबद्दल लिहिलं. एकाच खात्यातल्या, विदर्भातल्या जंगलातल्या दोन बायका, एकाच वर्षात. पहिलीच्या मृत्यूनंतर वाघिणीच्या स्वभावाची चर्चा महिनोन्‌महिने झाली. दुसरीच्या मृत्यूनंतर साहेब लोकांच्या स्वभावाची तेवढी झाली असती तर बरं झालं असतं.

राहण्याची जागा शोधताना आम्हाला जे भेटलं ते वाघाहून ओळखीचं आहे. एका खाजगी निवासाच्या मालकाने फोनवर विचारलं, 'सोबत जेन्ट्स कोण?' कुणी नाही म्हटल्यावर 'आम्ही फॅमिलीलाच देतो.' नऊ बायका फॅमिली होत नाहीत, एक नवरा-बायको होतात. दुसऱ्या ठिकाणी खोल्या होत्या, दर ठरला, मग नावं आणि ओळखपत्रं पाठवली. आमच्यात दोघी मुसलमान आहेत, पाच जणी बौद्ध. आडनावं वाचून झाल्यावर खोल्या एकदम भरल्या. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. तिसऱ्या ठिकाणची बाई स्वतः घर चालवते. तिने फक्त विचारलं, भाकरी ज्वारीची की तांदळाची, आणि सकाळी किती वाजता निघाल.

फाटकावरच्या गोष्टीही बोलून टाकू, कारण त्या बोलायला लाजतात म्हणून तशाच राहतात. सकाळच्या फेरीत तीन-चार तास जिप्सीत बसायचं, ठराविक जागा सोडून उतरायचं नाही. पुरुषांना त्याचं काही नसतं. बायका आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. मग जळजळ, मग डॉक्टर. पाळी आली तर पॅड बदलायचा कुठे आणि टाकायचा कुठे? लाखो रुपये महसूल गोळा करणाऱ्या फाटकांवर स्वच्छ, पाण्याचं आणि आतून कडी लागणारं संडास-मुतारी प्रत्येक ठिकाणी असायलाच हवी. यासाठी अभ्यासगट नेमायची गरज नाही.

आता ज्या मुद्द्यावर मला खरोखर गप्प व्हावं लागलं तो. आमच्याच एका मैत्रिणीने, जी चंद्रपूर भागात वनहक्काचं काम करते, विचारलं: तुम्ही जंगलाला सुटी म्हणून जाणार, पण तिथल्या बाईचं काय? २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मोहफुलाच्या दिवसांत पहाटे अंधारात वाकून फुलं वेचणारी बाई वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटतं. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प. पुढे नवेगाव, जामणी, बोटेझरी अशी गावं आतून उठवली गेली. पेंचचंही पाणी, मासेमारी, सरपण यावरून भांडण जुनं आहे. आज जिथून आम्ही तिकीट काढून आत जाणार, तिथून काही पिढ्या बायका मोळी घेऊन बाहेर येत होत्या. आता त्या आत गेल्या तर गुन्हा दाखल होतो.

हे सगळं खरं आहे, आणि याला 'पण' लावून मी सुटका करून घेणार नाही. मात्र यातून 'म्हणून शहरातल्या बायकांनी जाऊ नये' हे कसं निघतं ते मला कळलेलं नाही. आम्ही गेलो नाही तर आमची जागा तेंदू तोडणारीला मिळणार नाही. ती शनिवारच्या चार पुरुषांना मिळेल. गेल्या वर्षी मोहर्लीच्या बाजूच्या एका गावात कामासाठी गेले होते, तिथली साठीची बाई म्हणाली की फाटक तीन किलोमीटरवर आहे, पोरगा तिथे जिप्सी चालवतो, पण तळं तिने डोळ्यांनी बघितलेलं नाही. 'लाकडाले गेली, मोहाले गेली, तेंदूले गेली. नुसतं पाहाले कोण नेते आमाले?' हे वाक्य ऐकलं तेव्हापासून माझा प्रश्न बदलला. तिचा आणि धर्मपेठेत भांडी घासणारीचा प्रश्न वेगळा नाही. दोघींनाही कामाशिवाय कुठे जायला मिळालेलं नाही. एकीचं काम घरात आहे, दुसरीचं जंगलात.

आपल्याकडे जंगलावर सुंदर पुस्तकं आहेत. व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहिलं, मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या पाखरांवर आणि माणसांवर आयुष्यभर लिहिलं. आमच्या वाचनालयातली ती पुस्तकं हाताळून मऊ झाली आहेत आणि २०२५ साली चितमपल्ली गेले तेव्हा आम्हाला घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं. तरी वाचताना एक गोष्ट मनात येत राहते. माणूस एकटा जंगलात राहायला जातो, झाडाखाली बसतो, काही करत नाही, बघतो. या 'काही करत नाही'मधूनच ती पुस्तकं आली. त्या दिवसांत घर कोण चालवत होतं हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही, कारण ते ठरलेलंच होतं. बाईला असं आठ दिवस काही न करता बसायला मिळालं असतं तर तिने काय लिहिलं असतं? दुर्गाबाई भागवत आदिवासी भागांत हिंडल्या, 'ऋतुचक्र' लिहिलं. पण दुर्गाबाई किती, आणि त्यांच्या दारात पाण्याचा टँकर यायची वाट बघत कुणी बसलेलं नव्हतं.

मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक काढलं. बाईला शहरात विनाकारण रेंगाळता आलं पाहिजे, असा त्याचा गाभा. तेव्हा ते शहरी मुलींचं खूळ आहे असं आमच्याकडे बोललं गेलं. मला ते आमच्या फुलं विकणाऱ्या मैत्रिणीला सांगून बघायचं होतं. सांगितलं. ती म्हणाली, 'रेंगाळते ना मी. दिवसभर फुटपाथवरच असते. पण हातात हार असला तरच.'

आता तयारीबद्दल. जंगलाचं आरक्षण ऑनलाइन होतं, ते एका संध्याकाळी उरकलं. खरी तयारी घरची. पहाटे साडेचारला नळ येतो, चार दिवस तो भरणार कोण? सासूला इन्शुलिन कोण टोचणार? दहावीतल्या मुलीची पूर्वपरीक्षा. एकीने सांगितलं की ती चार दिवसांच्या चटण्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि कणकेचे गोळे करून ठेवणार. आम्ही भांडलो. पुरुष जातो तेव्हा बॅग भरतो, तू घर भरून निघणार? शेवटी नुसत्या वेळापत्रकाचा एक कागद केला, प्रत्येकीच्या घरासाठी वेगळा, आणि त्यावर घरातल्या पुरुषाचं आणि मुलग्यांचं नाव लिहिलं. नळ: अमुक. भात: तमुक. दोन घरांत तो कागद फाडला गेला. एका घरात सोळा वर्षांच्या पोराने त्यावर स्वतःच 'मला अंडाभुर्जी येते' असं लिहून ठेवलं. आमच्या सगळ्या जाणीवजागृतीत मुलग्यांसाठी आपण एवढंसुद्धा काम काढलं नव्हतं.

चार दिवसांत सफारी दोनच घेणार आहोत, कारण पैसे तेवढेच आहेत आणि कारण गर्दी करायची नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी कोंडलं होतं. नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पोरं घेऊन आपल्या वाटेने निघालेल्या आईला रस्त्यात अडवणारं ते चित्र बघून आमच्यातली प्रत्येक जण एकच बोलली, आणि ते छापण्यासारखं नाही. वाघ दिसला तर बरं, नाही दिसला तर तक्रार नाही. पेंच जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरलं, म्हणजे कृत्रिम उजेड कमी ठेवून तारे बघण्यासाठी राखलेलं आभाळ. त्या आभाळाला जिप्सी लागत नाही. सिल्लारीच्या रात्री आम्ही ते बघत पडून राहणार. अंगणवाडी मदतनिसाला सप्तर्षी सापडतात असं ती म्हणते. बघू.

गाइड बाईच मागितली आहे. पेंचात आणि ताडोब्यात गावातल्या मुली हे काम करतात. पर्यटक कधी कधी 'वाघ दाखवायला पुरुष गाइड द्या' म्हणतात, असं त्यांच्याकडूनच ऐकलं. जसा काही वाघ गाइडचं लिंग बघून बाहेर येतो.

या तीन बैठकांनंतर आमच्या काही मागण्या तयार झाल्या आहेत, त्या वनखात्याकडे जातील आणि संघटनेच्या पुढच्या बैठकीतही येतील. फाटकाजवळच्या गावांतल्या बायकांना वर्षातून निदान एकदा, गणवेशाशिवाय, कामाशिवाय, फुकट आत नेऊन आणावं. एकट्या बाईला किंवा बायकांच्या गटाला राहायची जागा नाकारणाऱ्या निवासाचं नाव फाटकावर आरक्षण देऊ नये. प्रत्येक मोठ्या फाटकाजवळ बायकांसाठी स्वस्त सामायिक खोली हवी, बारा खाटांची, कुलूप आतून. आणि आपल्या संघटनांना: वर्षाच्या अंदाजपत्रकात एक रक्कम अशी ठेवा जिचा अहवाल मागितला जाणार नाही. ज्येष्ठ मित्र विचारतील, मग ती खर्च झाली हे कळणार कसं? बायका परत आल्या की कळेल. नाहीतर येणार नाहीत, तेही कळेल.

एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. आम्ही नऊ, म्हणजे दीड जिप्सी, आणि अर्धी जिप्सी कुणी देत नाही. तीन जागा रिकाम्या ठेवून पूर्ण पैसे भरणं आम्हाला परवडणार नाही. पेंचहून साकोलीकडे एसटीने जायचं तर परत नागपूरला येऊन गाडी बदलावी लागते. तिथे एक क्रूझर केली आहे आणि तिच्यातही तीन जणी मावतात. तेव्हा ज्यांना यायचं आहे त्यांनी डिसेंबर संपण्याआधी गटाकडे कळवावं. आपापला वाटा रोखीने, दोन हप्त्यांत चालेल. अंथरूण, पांघरूण, टॉर्च, पाण्याची बाटली आणि ओळखपत्र स्वतःचं आणायचं. वही आणि पेन आणू नये. लिहून घेण्यासारखं तिथे काहीही होणार नाही.